तारकाविश्वातील कायदेकानू

दररोज दुपारी साडेचारच्या सुमारास, ज्या वेळी वागळे इस्टेटीतील किंवा ऐरोलीच्या कचेऱ्यांतील माणसांच्या मनात परतीच्या गाडीचा विचारही अद्याप आलेला नसतो त्या वेळी, हजारो तारामंडले असलेले एक संबंध विश्व काही मिनिटांपुरते बंद पडते. त्या विश्वाचे नाव ‘ईव्ह ऑनलाइन’. आइसलंडची राजधानी रेक्याविक येथे १९९७ साली स्थापन झालेल्या सीसीपी या कंपनीने ६ मे २००३ रोजी ते लोकांस खुले केले, आणि ग्रिनिचच्या घड्याळात सकाळचे अकरा वाजले की ते बंद करून त्याची झाडलोट करावी असा प्रघात तेथे पडला. आपल्याकडे ती वेळ साडेचारची येते. या अल्प अवकाशात कालच्या कायद्यात दुरुस्ती होऊ शकते. कल्याणच्या किंवा डोंबिवलीच्या एखाद्या सदनिकेतून हा खेळ खेळणारा तरुण पुन्हा आत शिरतो तेव्हा काल किफायतीचा असलेला व्यापार आज आतबट्ट्याचा झालेला, आणि काल अजिंक्य भासणारे जहाज आज चारचौघांसारखे झालेले त्यास आढळू शकते. हा फेरफार कोणी केला, कोणत्या न्यायाने केला आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची काही तजवीज आहे काय, हे प्रश्न मला फार महत्त्वाचे वाटतात. कारण आपल्या भागातील पुष्कळ मुलांचा कायदा या वस्तूशी पहिला निकटचा संबंध आता न्यायालयात किंवा नगरपालिकेत न येता अशा खेळांतच येतो, अशी माझी धारणा आहे.

या विश्वाची रचना आधी थोडक्यात सांगितली पाहिजे. त्यात सात हजारांहून अधिक तारामंडले असून, चीनमधील स्वतंत्र व्यवस्था सोडली तर, जगातील सर्व खेळाडू एकाच आकाशाखाली वावरतात. जहाजे खेळाडूच बांधतात, खनिजे तेच खणतात, बाजारभाव त्यांच्याच देवघेवीने ठरतो, आणि युद्धात नष्ट झालेले जहाज कायमचे नष्ट होते. जानेवारी २०१४ मध्ये एका तारामंडलाच्या ताब्याचा सारा वेळेवर भरला गेला नाही, एवढ्या क्षुल्लक निमित्ताने जे युद्ध पेटले ते सुमारे एकवीस तास चालले. त्यात साडेसात हजारांवर खेळाडू उतरले, ‘टायटन’ जातीची पंचाहत्तर महाकाय जहाजे नष्ट झाली, आणि ती बांधण्यास लागलेल्या श्रमांची व साधनांची किंमत सुमारे तीन लाख अमेरिकी डॉलर धरण्यात आली. शिवाय या खेळात यंत्र सेकंदाला एकदाच हिशेब करीत असल्यामुळे, बंदुकीच्या खेळांत एका निमिषाच्या विलंबाने दूरदेशीच्या खेळाडूची जी हानी होते ती येथे फारशी होत नाही, आणि सहस्रावधी मैलांवरील यंत्राशी जोडलेला ठाण्याचा खेळाडू युरोपातल्या प्रतिस्पर्ध्याशी बहुतांशी बरोबरीने लढू शकतो. जेथे मालमत्ता टिकाऊ आहे, नाश खरा आहे आणि स्पर्धा बरोबरीची आहे, तेथे कायद्यातील छिद्राला किती मोल येत असेल याची कल्पना यावरून करता येईल.

नियमातील पळवाट काय असते हे डोंबिवलीकरास फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही. सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत डोंबिवलीस बसावयास जागा मिळणे दुरापास्त, म्हणून कित्येक प्रवासी आधी उलट दिशेच्या गाडीने कल्याणला जातात आणि तीच गाडी मुंबईकडे निघाली की बसल्या जागेवरूनच प्रवास करतात. ज्याच्याजवळ कल्याणपर्यंतचा पास आहे त्याने नियमाचा भंग केला असे म्हणता येत नाही; परंतु कल्याणच्या फलाटावर ताटकळत उभ्या राहिलेल्या माणसास, गाडी आत येते तोच बहुतेक आसने भरलेली दिसली म्हणजे आपल्यावर अन्याय झाला असेच वाटते, आणि त्यावरून डब्यात नित्य वादंग माजतो. जो आधी चढेल त्याचे आसन, हा संकेत ज्यांनी रूढ केला त्यांच्या ध्यानी आधी चढणारा उलट दिशेने येईल हे आले नसावे. अशा प्रसंगी दोन मार्ग उरतात: पहारा बसवून उलट येणाऱ्यांस उतरवावयाचे, किंवा डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या गाड्या वाढवून उलट जाण्याचे प्रयोजनच नाहीसे करावयाचे. पहिल्या मार्गाने माणसे सुधारल्यासारखी दिसतात. दुसऱ्याने व्यवस्था सुधारते.

खेळाच्या विश्वात यापेक्षा एक अवघड गोष्ट असते. तेथे नियम आणि यंत्र ही दोन निराळी नाहीत. आज्ञावलीने जे घडू दिले ते घडते, आणि वाटेत थांबवून विचारणारा कोणी अंमलदार नसतो. म्हणून ‘खेळाने करू दिले, सबब ते शिष्टसंमत’ असा युक्तिवाद प्रत्येक वेळी पुढे येतो. तो नेहमीच खोटा असतो असेही नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये ‘बँड ऑफ ब्रदर्स’ या त्या काळच्या सर्वांत बलाढ्य संघातील एक अधिकारी शत्रूस, म्हणजे ‘गूनस्वार्म’ या संघास, फितूर झाला आणि आपल्या हाती असलेल्या अधिकाराचा उपयोग करून त्याने तो संघच विसर्जित करून टाकला. वर्षानुवर्षांची उभारणी एका रात्रीत कोसळली, तरी कंपनीने हस्तक्षेप केला नाही; कारण अधिकार खरोखर त्या माणसास दिलेला होता, आणि विश्वासघात हा या खेळातील राजकारणाचा मान्य भाग आहे. याउलट, डिसेंबर २००८ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणात, अवकाशस्थानकांवरील भट्ट्या कच्चा माल खर्ची न पडताच मौल्यवान पक्का माल निर्माण करीत होत्या, आणि ज्यांना हे ठाऊक होते त्यांनी दीर्घकाळ गुपचूप त्याचा उपभोग घेतला होता. येथे कंपनीने खाती बंद केली व छिद्र बुजविले. त्यासरशी त्या मालाचा भाव भडकला, आणि प्रामाणिक कारखानदारांनी आजवर कोणत्या कृत्रिम स्वस्ताईशी झुंज दिली होती ते सर्वांस कळून चुकले. फितुरीत एकाची हानी होते आणि तीही त्याने चुकीच्या माणसावर टाकलेल्या विश्वासामुळे. शून्यातून माल काढण्यात मात्र ज्याने कोणावर विश्वास टाकलाच नाही अशा प्रत्येक अनामिक विक्रेत्याची हानी होते. हा भेद मला न्याय्य वाटतो.

तथापि ज्या प्रकरणाने हा भेदही अपुरा ठरविला, ते २०१२ सालचे. त्यासाठी पक्षांची हकीकत सांगणे भाग आहे. या विश्वात अमार, काल्डारी, गॅलेंटे आणि मिनमतार अशी चार साम्राज्ये असून, जून २००८ पासून कोणाही खेळाडूस त्यांपैकी एकाच्या फौजेत नाव नोंदवून सीमेवरील तारामंडलांसाठी लढता येऊ लागले. अमार व काल्डारी एका बाजूस, गॅलेंटे व मिनमतार दुसऱ्या बाजूस. लढणाऱ्यास साम्राज्याकडून निष्ठेचे गुण मिळतात, आणि ते गुण देऊन सरकारी कोठारातून शस्त्रे, जहाजे इत्यादी वस्तू घेता येतात. मे २०१२ मधील ‘इन्फर्नो’ नावाच्या सुधारणेने ठरविले की शत्रूचे जहाज पाडणाऱ्यास त्या जहाजाच्या व त्यातील मालाच्या बाजारभावाच्या प्रमाणात गुण द्यावेत, आणि ज्या पक्षाचे सीमेवर वर्चस्व असेल त्यास कोठारातील वस्तू स्वस्त मिळाव्यात. दोन्ही कलमे स्वतंत्रपणे वाचली तर निर्दोष आहेत. मोठी शिकार करणाऱ्यास मोठे पारितोषिक, आणि विजयी फौजेस सवलत. यात आक्षेप घेण्यासारखे काय आहे?

पाच खेळाडूंनी ती कलमे एकत्र वाचली. ज्या वस्तूची बाजारात क्वचितच खरेदी-विक्री होते अशी एक वस्तू त्यांनी हेरली, आपापसांत व्यवहार करून तिचा सरासरी भाव गगनास भिडविला, शत्रुपक्षात आपल्याच दुय्यम खात्यांची नावे नोंदवून त्यांच्या जहाजांत ती वस्तू भरली, आणि ती जहाजे स्वतःच पाडली. यंत्राने त्या फुगविलेल्या भावाने गुण मोजून दिले, आणि ते गुण वर्चस्वाच्या काळातील स्वस्त दराने मालात रूपांतरित झाले. अशा रीतीने खेळातील चलनात सुमारे पाच लाख कोटी, म्हणजे वर सांगितलेल्या महायुद्धातील नाशाच्या जवळजवळ निम्मी मिळकत झाली. यात भट्टी नादुरुस्त नव्हती. यंत्राची प्रत्येक कृती लिहिल्याप्रमाणेच होती. तरीही कंपनीने हा गैरवापर ठरवून तो नफा काढून घेण्याचा निर्णय केला आणि कलमे बदलली. निर्णय योग्यच होता, पण दोषाचा मोठा वाटा मी कायदा लिहिणाऱ्याच्या पदरी टाकतो. जो भाव चार माणसे संगनमताने ठरवू शकतात, त्या भावावर सरकारी खजिन्यातून पैसा देण्याचे कलम घालणे ही धोरणाची चूक होती. आपल्या मुलुखात मुद्रांक शुल्कासाठी सरकार जागेचे दर स्वतः बांधून देते आणि दस्तात लिहिलेल्या रकमेवरच सर्वस्वी विसंबत नाही, यामागचे एक कारण हेच होय.

या पाच जणांच्या कर्तबगारीइतकी ज्याची वार्ता झाली नाही, तो दोष मला अधिक खोल वाटतो: पक्षांचा समतोल. विजयी पक्षास सवलत मिळू लागताच माणसे विजयी पक्षाकडे वळू लागली; माणसे वळल्यामुळे विजय पक्का झाला; आणि विजय पक्का झाल्यामुळे आणखी माणसे आली. पराभूत पक्षात जे उरले ते एक तर निष्ठावंत, नाही तर हेर. गुण साठवून ठेवावयाचे, सर्वांनी मिळून थोड्या काळासाठी वर्चस्वाची परमावधी गाठावयाची, त्या अवधीत कोठार लुटावे तसा माल उचलावयाचा आणि मग सीमा पुन्हा ढासळू द्यावयाची, असा क्रम रूढ झाला. त्यात स्वतःच्या मुलखाचे रक्षण करणाऱ्यास काहीच मोबदला नव्हता, तेव्हा रक्षण कोण करणार? त्याच वर्षाच्या डिसेंबरातील ‘रेट्रिब्यूशन’ या सुधारणेने रक्षणासही मोबदला सुरू केला. पुढे नोव्हेंबर २०२२ मधील ‘अपरायझिंग’ने खरी मर्मावर बोट ठेवणारी दुरुस्ती केली: आघाडीवरील तारामंडलांतील लढ्यास मोठे महत्त्व, आणि शत्रू फिरकत नाही अशा पिछाडीच्या मुलखातील कामगिरीस अल्प. दोन्ही बाजूंस सारखी माणसे असावीत असा हुकूम कोणी काढू शकत नाही, कारण माणूस कोठे जावे हे स्वतः ठरवितो. पारितोषिक मात्र विजयाच्या राशीस न देता पत्करलेल्या धोक्यास देता येते, आणि तसे दिले म्हणजे दुर्बल पक्षात राहणाऱ्यासही लढण्याचे कारण उरते.

समतोलात घड्याळाचाही एक अंश असतो, आणि तो आपल्याकडील खेळाडूस विशेष जाणवतो. मुंबईहून गर्दीतून उभ्याने परतलेला कल्याणचा माणूस जेवून यंत्रासमोर बसेतो रात्रीचे साडेनऊ होतात. त्या वेळी ग्रिनिचला दुपारचे चार वाजलेले असतात, युरोपातील फौजा कामावरून घरी येत असतात, आणि अमेरिकेतील तर दिवसाच्या कामास लागलेल्या असतात. ज्या पक्षाचे बहुतेक सैनिक अमेरिकेत आहेत त्याचा किल्ला आपल्या संध्याकाळी ओस, आणि आपल्या पहाटे दुर्भेद्य. संघांच्या मालकीच्या तारामंडलांचा ताबा निजलेल्या माणसाकडून घेतला जाऊ नये म्हणून जुलै २०१५ मध्ये असा नियम झाला की तारामंडलाच्या मालकाने दिवसातील ठराविक तास निवडावेत आणि हल्ला त्याच तासांत व्हावा. रक्षणकर्त्यास यामुळे झोप मिळाली. पण जे मालक आपल्या सोयीचे नसलेले तास निवडतात त्यांच्याशी झुंजण्यासाठी आपल्या माणसास पहाटे तीनला उठावे लागते, आणि सकाळची गाडी तर चुकवून चालत नाही. ही असमता कोणत्याही दुरुस्तीने पूर्णपणे मिटणारी नाही, आणि मला तीबद्दल तक्रार करावीशीही वाटत नाही. पृथ्वी गोल आहे.

तक्रारीस खरे कारण होते ते २००७ सालच्या प्रकरणात. कंपनीच्याच एका नोकराने आपल्या अधिकाराचा दुरुपयोग करून दुर्मिळ वस्तूंचे मूळ आराखडे आपल्या आवडत्या संघास मिळवून दिले होते, हे त्या वर्षी उघड झाले. खेळाडूने छिद्र शोधले तर ते बुजविता येते. पण ज्याच्या हाती लिंपण्याचे काम आहे तोच एका पक्षाचा निघाला तर पुढील प्रत्येक दुरुस्तीकडे प्रजा संशयानेच पाहणार. काल माझे जहाज दुर्बल केले ते समतोलासाठी की कोणाच्या मर्जीखातर? या संशयाची किंमत कंपनीने ओळखली, हे तिचे श्रेय होय. नोकरांच्या वर्तनावर देखरेख ठेवणारे अंतर्गत चौकशी खाते तिने उभारले, आणि २००८ साली खेळाडूंनी निवडून दिलेले नऊ जणांचे सल्लागार मंडळ अस्तित्वात आले. सभासदांस रेक्याविकला बोलावून त्यांच्याशी विचारविनिमय करावयाचा आणि त्याचे इतिवृत्त प्रसिद्ध करावयाचे, असा रिवाज पडला. शिवाय मोठी दुरुस्ती खऱ्या विश्वात आणण्यापूर्वी ‘सिंग्युलॅरिटी’ नावाच्या प्रतिविश्वात सर्वांस तपासून पाहता येते, आणि कोणता प्रकार गैरवापर समजला जाईल याची जाहीर सूचनाही कंपनी देत असते.

या सल्लागार मंडळाच्या हाती निर्णयाचा अधिकार नाही, केवळ सल्ल्याचा आहे, हे उणे आहेच. आणि बहुसंख्य संघटित संघच आपली माणसे निवडून आणतात, तुरळक संख्येच्या एकांड्या खेळाडूस वाली उरत नाही, असा आरोप पहिल्यापासून होत आला. त्यावर उतारा म्हणून २०१३ पासून तेथे पसंतीक्रमाने मत देण्याची पद्धत स्वीकारण्यात आली, जेणेकरून पहिल्या पसंतीचा उमेदवार पडला तरी मत वाया न जाता पुढच्याकडे जावे. विधान परिषदेच्या कोकण पदवीधर मतदारसंघात ज्यांनी उमेदवारांपुढे एक, दोन, तीन असे आकडे घातले आहेत त्या ठाण्या-डोंबिवलीच्या पदवीधरांस ती पद्धत समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. हा सारा अनुभव आता आपल्याही कामाचा आहे, कारण आपल्याकडे पुण्याच्या सुपरगेमिंगसारख्या कंपन्या स्वतःची काल्पनिक विश्वे रचून ती देशभरच्या मुलांपुढे ठेवीत आहेत. त्यांच्या विश्वांतही छिद्रे निघतील, लबाड निघतील आणि कधी तरी निरपराधाचे खातेही बंद होईल. तसे झाले तर त्या मुलास कारण लेखी मिळावे, त्याविरुद्ध अर्ज करता यावा आणि तो अर्ज ज्याने खाते बंद केले त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणी वाचावा, एवढी मागणी पालकांनी व खेळाडूंनी आजपासूनच करावी.