गाणं कसं घडतं (भाग ६) : वाजवणाऱ्यांचा वाटा

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या ख्रिस्ती गावांत लग्न असलं की ब्रास बँड आलाच. ट्रंपेटवर एखाद्या सिनेमागीताचा सुरुवातीचा तुकडा वाजतो आणि मुखडा यायच्या आधीच वऱ्हाडाचे पाय थिरकू लागतात. तिथे गायक नसतो, शब्द नसतात, तरी गाणं कोणतं हे सगळ्यांना कळलेलं असतं. मागच्या भागात आपण चाल कशी बांधली जाते ते पाहिलं. पण नुसत्या चालीने गाणं पुरं होत असतं, तर मुखड्याआधीच्या त्या तुकड्यावर कुणी नाचलं नसतं. म्हणून या भागात माझं म्हणणं असं आहे की, लोकप्रिय गाणं संगीतकार, गीतकार आणि गायक यांच्याइतकंच ते वाजवणाऱ्यांनीही घडवलेलं असतं, आणि त्यांच्या नावाची नोंद न ठेवून आपण गाण्याचा अर्धा इतिहास गमावला आहे.

उदाहरण घेऊ १९५१च्या ‘अलबेला’चं. दिग्दर्शक आणि नायक भगवानदादा, गीतकार राजेंद्र कृष्ण, संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्यात जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर. ‘शोला जो भडके’ हे गाणं लता मंगेशकरांसोबत त्यांनी स्वतःच, चितळकर या नावाने गायलं. त्यात बोंगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन ही वाद्यं एकत्र आली. या संगीतात रामचंद्रांच्या जोडीला चिक चॉकलेट होते. त्यांचं खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६चा, गोव्यातल्या हळदोण्याचा. लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाने ट्रंपेट वाजवणाऱ्या चिक यांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजत असे, आणि ‘अलबेला’त तो पडद्यावरही दिसतो. त्या काळी संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा. गोव्याच्या चर्चशाळांत युरोपीय स्वरलिपी शिकलेले वादक ती कागदावर उतरवायचे, प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहायचे, आणि मग सगळा ताफा ते वाचून वाजवायचा. मुखडा आणि अंतरा यांच्या मधली जागा बऱ्याचदा याच टप्प्यावर भरली जायची.

यावर पहिला आक्षेप असा की चाल हा देह आणि वाद्यमेळ हे कपडे. कपडे बदलले तरी माणूस तोच राहतो. भजनाला किंवा ओवीला हे लागू पडेल. नाचाच्या गाण्याला लागू पडत नाही, कारण तिथे श्रोत्याचं अंग आधी हलतं ते ठेक्याने आणि फुंकेच्या झटक्याने. शिवाय ट्रंपेट निवडला तो रामचंद्रांनी हे खरंच. त्यांचं श्रेय त्याने तसूभरही कमी होत नाही. पण सुरात शिरताना घेतलेली घसरण, श्वासाचा जोर, ठेक्याच्या किंचित मागे राहून वाजवणं या गोष्टी स्वरलिपीत पुरत्या मावत नाहीत. त्या वादकाच्या ओठांत आणि सरावात असतात. ज्याने उमेदीची सगळी वर्षं जॅझमध्ये घालवली, त्याच्याकडूनच त्या मिळतात.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे : हे सगळं उसनं होतं. ‘समाधी’तलं (१९५०) ‘गोरे गोरे ओ बांके छोरे’ १९४५च्या ‘डॉल फेस’ या हॉलिवूडपटातल्या गाण्यावर बेतलेलं आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र उसनवारीचा हा दाखला माझ्याच बाजूने बोलतो. ते लॅटिन वळण इथल्या कानांना आपलं वाटलं, ते ज्यांनी ते रोज हॉटेलांत वाजवून हाताखालचं केलं होतं त्यांच्यामुळे. गाण्याचा आराखडा बाहेरून आणता येतो. तो सफाईने वाजवणारा हात इथेच तयार व्हावा लागतो.

कुणी म्हणेल, बँडवाले तर काहीही वाजवतात, मग वरातीवरून काय सिद्ध होतं? काहीही वाजवतात हे कबूल. पण ज्या गाण्यात वाद्यांचे तुकडे दुबळे असतात, तिथे बँडला मुखडाच पुन्हा पुन्हा वाजवावा लागतो. जिथे ते भक्कम असतात, तिथे ट्रंपेटला आपलं घर सापडतं. स्टुडिओत फुंकवाद्यावर घडलेला तुकडा रस्त्यावरच्या फुंकवाद्यावर परत येतो, आणि वरात म्हणजे त्या गाण्याची जिवंत परीक्षा ठरते. भगवानदादांचा सैल, झुलता नाच वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत पोचला, तोही या तुकड्यांच्या जोरावर. कारण त्यांच्या पायाला बोल नव्हे, ठेका हवा होता. २०१६ साली भगवानदादांवर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट आला, म्हणजे पासष्ट वर्षांनीही ती गाणी स्मरणात होती.

चिक चॉकलेट १९६७ साली गेले. त्यांचं नाव जाणकारांच्या लेखनातून टिकलं, पण त्यांच्या शेजारी बसून वाजवणारे अनेक जण निनावीच राहिले. रेकॉर्डवर तीन नावं छापण्याचा प्रघात होता. चौथ्याला जागा नव्हती. आजही ज्या वादकांची मुलं-नातवंडं सांगू शकतात, त्यांच्याकडून ती नावं लिहून घेता येतील, आणि ते काम लांबवण्यासारखं नाही. पुढच्या आठवड्यात आपण ठेका धरणाऱ्यांकडे, ढोलकी आणि बोंगोच्या जोडीकडे वळू.