ज्वारी, मोजा आणि माझी 'प्रोफाइल'!

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही परभणीकर कॉलर ताठ करून सांगतो. पण त्याच परभणीत, मोज्यात ज्वारी भरून मी ब्रेस्ट इम्प्लांटची साइज ठरवेन असं कुणी म्हटलं असतं, तर मी हसलेच असते.

तिशीत कॅन्सर झाला, डावा स्तन काढावा लागला. ट्रीटमेंट संपल्यावर पुण्यातल्या सर्जननी विचारलं, "राउंड की टीअरड्रॉप? लो, मॉडरेट की हाय प्रोफाइल?" मला प्रोफाइल ठाऊक ती फक्त नोकरीच्या साइटवरची!

फंडा सोपा आहे. 300 सीसीची दोन इम्प्लांट्स घ्या. लो प्रोफाइलचं रुंद आणि चपटं, हाय प्रोफाइलचं अरुंद आणि जास्त उठावाचं. आतला माल तेवढाच! म्हणून डॉक्टर आधी टेपनं छातीची रुंदी मोजतात. इम्प्लांटचा तळ त्या मापात बसला पाहिजे, प्रोफाइल नंतर.

टीअरड्रॉप आत फिरलं तर आकार बिघडतो, म्हणून ते खरखरीत बनवतात. पण खरखरीत इम्प्लांट्सचा एका दुर्मीळ लिम्फोमाशी संबंध दिसला आणि 2019 मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीनं आपली 'बायोसेल' इम्प्लांट्स जगभरातून परत मागवली. मी गुळगुळीत राउंडवर टिक केलं. गोल फिरलं तरी गोलच!

राहिली साइज. घरी येऊन मापानं 350 मिली ज्वारी मोज्यात भरली, गाठ मारली, ब्राच्या डाव्या कपात ठेवली. आरशात एकदम जाहिरातीतली मॉडेल! आईनं मात्र निरखून पाहिलं. "कामून गं माय एवढं? उजवीकडं पाहा की जरा."

खरंच की. मला हवी होती उजवीची जोडीदार, आणि मी शोधत होते दुसरीच बाई! पन्नास मिली ज्वारी काढली. दिवसभर तशीच स्कूटीवर हिंडले, बाजारात गेले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ओढणी सावरायचं भानच राहिलं नाही. ज्वारीवरून प्रोफाइल कळत नाही हं, ती टेपनंच ठरली : मॉडरेट.

मैत्रिणींनो, इम्प्लांट जन्मभराचं नसतं, असा ठळक इशारा अमेरिकेच्या एफडीएनं 2021 मध्ये सक्तीचा केला. सिलिकोनचं असेल तर पाच-सहा वर्षांनी पहिलं स्कॅन, मग दर दोन-तीन वर्षांनी. तो खर्चही बजेटमध्ये धरा. आणि काहीच न बसवणं, हाही चॉइस आहे.

ती ज्वारी? आईनं परत डब्यात ओतू दिली नाही. चिमण्यांना घातली!