तापानंतर आलेली जखम आणि चारित्र्यावरचा संशय

चार दिवस ताप, घसादुखी, अंगदुखी. मग अचानक योनीमुखाशी खोल, पिवळट-काळपट बुडाची जखम होते आणि लघवी करताना जीव जातो. कुणाशीही शरीरसंबंध न आलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीलाही हे होऊ शकते. दवाखान्यात पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो आणि तो आईसमोरच विचारला जातो. वस्तीचा पत्ता ऐकून आवाजही बदलतो, हा आपल्यापैकी अनेकींचा अनुभव आहे.

या जखमेला लिपशुट्झ व्रण म्हणतात. ऑस्ट्रियातील त्वचारोगतज्ज्ञ बेंजामिन लिपशुट्झ यांनी १९१३ साली त्याचे वर्णन केले. हा गुप्तरोग नाही आणि तो एकीकडून दुसरीकडे पसरत नाही. एप्स्टाइन-बार विषाणू, फ्लू किंवा कोविडसारख्या आजाराशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती भडकते आणि त्यातून हे व्रण होत असावेत, असे मानले जाते. बहुतेकदा ते दोन ते सहा आठवड्यांत भरतात. तोवर वेदनाशामक गोळी, बधिर करणारे मलम आणि लघवी करताना कोमट पाणी ओतत राहणे, एवढ्याने बराच आराम पडतो.

मुलांमध्ये वेगळेच कारण असू शकते. सल्फाची, टेट्रासायक्लिनची किंवा अंगदुखीची गोळी घेतली की लिंगावर दर वेळी त्याच जागी फोड येतो आणि मागे काळा डाग राहतो. ही औषधाची रिअ‍ॅक्शन. लाजेपोटी पोरे मेडिकलमधून परस्पर औषध आणतात, कधी नेमकी तीच गोळी पुन्हा घेतात!

नागीण (हर्पिस), सिफिलिस, एचआयव्ही यांच्या तपासण्या तरीही कराव्यात. इतर कारणे वगळल्यावरच लिपशुट्झचे निदान होते. तपासणी म्हणजे आरोप नव्हे, हे घरच्यांना आधीच सांगा. तोंडात आणि गुप्तांगावर व्रण वारंवार येत असतील, डोळे लाल होत असतील, तर बेहचेट हा आजार असू शकतो. मोठ्या रुग्णालयात दाखवा.

मुलीशी एकटीने, शांतपणे बोलण्याची संधी डॉक्टरांना द्या. अत्याचार झाला असेल तर तो तिथेच कळेल आणि मग पॉक्सोखाली तक्रार झालीच पाहिजे. पण नुसती जखम हा कशाचाच पुरावा नाही. कारण शोधल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, हे आपण विहारात शिकतो. घरात मात्र मुलीचा मोबाइल आधी काढून घेतला जातो, शाळा नंतर.

सरकारी रुग्णालयांतील ‘मैत्री’ क्लिनिक किशोरवयीनांसाठी आणि ‘सुरक्षा’ क्लिनिक गुप्तरोगांसाठी असते. मुलीसोबत महिला कार्यकर्तीने जावे. ताप कधी आला, कोणत्या गोळ्या घेतल्या, हे कागदावर लिहून न्यावे.