अभिकल्पाची पद्धती आणि विद्यार्थ्याची वस्तुनिर्मिती

आखीव पद्धतीस अनुसरून विद्यार्थ्याने वस्तू घडविली, तर ती अधिक सरस उतरते काय, हा प्रश्न वरकरणी अभियांत्रिकीचा आहे. तथापि नियम आणि निर्मिती यांचा संबंध भाषाभ्यासकाच्याही नित्य विचाराचा विषय असल्याने त्याचा येथे परामर्श घेतला आहे.

समस्येची व्याख्या, माहितीचे संकलन, पर्यायांची मांडणी, निवड व चाचणी, असा क्रम या पद्धतींत सामान्यतः आढळतो. १९६२ साली लंडन येथे भरलेल्या परिषदेने या विचारास चळवळीचे रूप दिले. पुढे तिचे एक अध्वर्यू ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांनीच १९७१ मध्ये तिच्याकडे पाठ फिरविली. पद्धतीचा अभ्यास प्रत्यक्ष निर्मितीपासून तुटला, हा त्यांचा आक्षेप होता.

सिंथिया ॲटमन व त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतील प्रथम व अंतिम वर्षांच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची तुलना प्रसिद्ध केली. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे आराखडे सरस ठरले. त्यांनी अधिक पर्याय विचारात घेतले आणि एका पायरीवरून दुसरीवर ते वारंवार ये-जा करीत राहिले. उलट, प्रथम वर्षाच्या ज्या विद्यार्थ्यांचा बराचसा वेळ समस्येच्या व्याख्येतच गेला, त्यांचे आराखडे चांगले उतरले नाहीत.

याचा अर्थ आपल्या परिसरातील उदाहरणाने स्पष्ट होईल. अंबरनाथ व उल्हासनगर या शहरांतून वाहणाऱ्या वालधुनी नदीत २०१४ च्या नोव्हेंबरात रसायने सोडली गेली आणि विषारी वायूमुळे उल्हासनगरातील शेकडो रहिवासी आजारी पडले. समजा, बदलापूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने या प्रश्नावर प्रकल्प घेतला. वायूची सूचना देणारे यंत्र त्यास प्रथम सुचेल. परंतु इशारा कोणास, किती अवधीत आणि कशासाठी, हे नदीकाठच्या वस्तीत विचारल्यावर मूळ व्याख्याच बदलेल; कदाचित यंत्राऐवजी रसायने वाहून नेणाऱ्या टँकरवर देखरेख हाच योग्य पर्याय ठरेल. पद्धतीचा लाभ या मागे वळण्यात आहे.

व्याकरण पाठ केल्याने कोणी वक्ता होत नाही. मात्र वाक्य कोठे चुकले, हे व्याकरणामुळे दाखविता येते. पद्धतीही कल्पना पुरवीत नाही. निर्णय तपासण्याजोगा करते. म्हणून तक्ते भरल्याबद्दल गुण देण्याऐवजी, विद्यार्थ्याने आपला कोणता निर्णय कोणत्या पुराव्यावरून बदलला, हे परीक्षकाने पाहावे. तसे न केल्यास तक्ते परिपूर्ण होतील, वस्तू मात्र निरुपयोगीच राहील.