उपवासाला पारणे असते

घरातील तरुण नातीने सोमवार धरला, मग शनिवार धरला, पुढे चतुर्थीही धरली, तर आपल्या पिढीला त्यात वावगे काही वाटत नाही. या वयात एवढी श्रद्धा, म्हणून कौतुकच वाटते. ती वारंवार हात धुते, स्वतःचे ताट पुन्हा घासून घेते, याचीही 'टापटीप' म्हणून वाखाणणी होते. बारामती तालुक्यातील कन्हेरीसारख्या गावात, जिथे मारुतीचे देऊळ हा गावाच्या जगण्याचा भाग आहे, तिथे उपवास आणि सोवळे यांकडे कोणी संशयाने पाहत नाही. पाहूही नये. मात्र उपवासाला पारणे असते आणि सोवळे कामापुरते असते. ज्या उपवासाचे पारणेच येत नाही आणि जे धुणे कधी संपतच नाही, ते व्रत नसून आजार असू शकतो. कधी कधी एकाच व्यक्तीत असे दोन आजार हातात हात घालून येतात.

दोन आजारांची जोडी

पहिला आजार म्हणजे आहारविकार. यात व्यक्ती जेवण धोकादायक पातळीपर्यंत कमी करते, किंवा भरपूर खाऊन ओकून टाकते. दुसरा आजार ओसीडी. त्यासाठी आपल्या भाषेत 'मंत्रचळ' हा जुना, नेमका शब्द आहे. नको असलेला विचार मनात पुन्हा पुन्हा येतो. त्याने होणारी घालमेल शमवण्यासाठी व्यक्ती एखादी कृती ठरावीक पद्धतीने करत राहते. धुणे, मोजणे, तपासणे, तेच तेच विचारणे ही त्याची रूपे. हे दोन्ही आजार बहुधा किशोरवयात किंवा ऐन तारुण्यात डोके वर काढतात. मुलांनाही ते होतात.

समजा, एक नात भाकरीचे मोजून सोळा तुकडे करते. एक तुकडा खाल्ला की हात धुऊन येते. "आजी, तव्याला तेल लागलं नव्हतं ना?" हा प्रश्न एका जेवणात वीस वेळा विचारते. तेलाची भीती वजनाची की अस्वच्छतेची, हे तिलाही सांगता येत नाही. एक आजार दुसऱ्याच्या आड लपतो, म्हणूनच निदान अवघड होते.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते. 'मी जाड दिसते' असे सगळेच रुग्ण म्हणत नाहीत. दिल्लीच्या 'एम्स'मधील मानसोपचारतज्ज्ञांनी 1995 साली आहारविकाराच्या पाच तरुण रुग्ण मुलींची माहिती प्रसिद्ध केली. पाश्चात्त्य पुस्तकांत वर्णिलेली, स्वतःच्या शरीराविषयीची विकृत कल्पना त्यांच्यात ठळक नव्हती. 'पोट जड वाटते', 'घास उतरत नाही', 'आज उपवास आहे' एवढेच ऐकू येत असेल, तरी वजन सतत घटत आहे का आणि मासिक पाळी थांबली आहे का, याकडे लक्ष द्यावे.

आधी अन्न का?

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात, 1944-45 मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. ते सर्व स्वेच्छेने आले होते. सुमारे सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवण्यात आले आणि त्यांचे वजन जवळपास चतुर्थांशाने घटले. त्यानंतर जे दिसले ते विलक्षण होते. ही धडधाकट माणसे दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली. घासाचे बारीक तुकडे करून ती तासन्‌तास जेवत बसत. काहींनी पाककृतींची पुस्तके जमवली. त्यांना आधी कोणताही मनोविकार नव्हता. उपासमारीनेच त्यांचे मन एका चाकोरीत अडकले होते.

यावरून उपचाराचा पहिला नियम समजतो. उपाशी मेंदूला समुपदेशन पेलत नाही. म्हणून वजन फार घटले असेल तर डॉक्टर आधी शरीर सावरतात. भूक भागू लागली की मंत्रचळाचा काही भाग कधी कधी आपोआप ओसरतो. जो उरतो, तो खरा ओसीडी.

येथे आपल्या पिढीने एक सावधगिरी बाळगावी. अनेक दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्या मुलीला मायेपोटी एकदम तूपसाखर, लाडू, भरपेट जेवण देऊ नये. शरीरातील क्षारांचे, विशेषतः फॉस्फेटचे प्रमाण अचानक खालावून हृदयाला धोका पोहोचू शकतो. आहार किती आणि कसा वाढवायचा, हे रक्ततपासणी करून डॉक्टरांनीच ठरवावे.

उपचार कसे चालतात?

ओसीडीवरील सर्वांत परिणामकारक मानसोपचाराला 'ईआरपी' म्हणतात. लंडनमधील मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी 1966 साली दोन रुग्णांवर केलेल्या उपचारांतून त्याची वाट खुली झाली. तत्त्व साधे आहे. ज्याची भीती वाटते त्याला थोडे थोडे सामोरे जायचे आणि भीती शमवणारी कृती मात्र करायची नाही. रुग्ण व उपचारक मिळून भीतीच्या पायऱ्या लिहितात. पहिल्या पायरीवर तुपाच्या भांड्याला बोट लावून दहा मिनिटे हात न धुणे असेल. पुढच्या एखाद्या पायरीवर तूप लावलेली चतकोर भाकरी न मोजता खाणे असेल. अस्वस्थता वाढते, काही काळ टिकते आणि न धुताही पेलता येते, हे मनाला अनुभवाने कळते. अन्नच भीतीचा विषय असल्यामुळे दोन्ही आजारांवरील उपचार एकाच ताटावर एकत्र येतात.

दोन्हींवर एकत्र काम करण्याचे कारणही महत्त्वाचे आहे. फक्त खाणे सुधारले तर धुणे, मोजणे वाढू शकते. फक्त धुणे थांबवले तर घालमेल जेवणावर उतरू शकते. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, आहारतज्ज्ञ आणि कुटुंब यांचे धोरण एकच असावे लागते. ओसीडीसाठी फ्लुओक्सेटिनसारखी औषधे उपयोगी पडतात, पण त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात. वजन फार कमी असताना ती पुरेशी लागू पडत नाहीत. ती मनाने सुरू वा बंद करू नयेत.

आपला आधार कुणाला?

नात विसाव्यांदा विचारते आणि आजी विसाव्यांदा सांगते, "नाही गं, तेल नव्हतं." तिच्यासाठी आजी वेगळा तवा ठेवते, तो तीनदा घासते. हे सारे प्रेमानेच घडते. पण त्या क्षणी बळ मिळते ते आजाराला. प्रत्येक उत्तराने भीती घटकाभर शमते आणि पुढच्या वेळी अधिक जोराने परत येते.

म्हणून सारे एका दिवसात तोडून टाकावे, असे मात्र नाही. उपचारकाच्या सल्ल्याने, मुलीला आधी सांगून, एकेक सवलत कमी करावी. उत्तर देण्याऐवजी म्हणावे, "हा प्रश्न आजार विचारतोय, बाळ. तुला भीती वाटतेय हे मला कळतंय. मी इथेच बसते." आजाराशी कठोर आणि मुलीशी मृदू, असा हा दुहेरी धर्म आहे. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात 1980 च्या दशकात विकसित झालेल्या कुटुंबाधारित उपचारातही किशोरवयीन मुलांच्या जेवणाची सूत्रे आरंभी पालकांच्या हाती दिली जातात आणि आजाराचा दोष कोणावरही ठेवला जात नाही.

घरी हे पाळावे

• जेवणाच्या वेळा ठरलेल्या असाव्यात आणि कोणीतरी सोबत बसून जेवावे.
• वजन, रूप, 'किती वाळलीस', 'आता गाल भरले' अशी शेरेबाजी टाळावी. ताटावर बसून वाद घालू नये.
• उपचार सुरू असताना उपवास नकोत. घरातील ज्येष्ठांनीच 'देवाला हे मान्य आहे' असे सांगितले तर मुलीचा अपराधभाव हलका होतो.
• आजी-आजोबा व आईवडील यांनी वेगवेगळी उत्तरे देऊ नयेत.
• शुश्रूषा करणाऱ्यांनी पाळ्या लावून विश्रांती घ्यावी.

केव्हा आणि कोठे?

चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड, अन्नपाणी पूर्ण सोडणे, उलटीत रक्त किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तीव्र आहारविकार प्राणावर बेततो.

कन्हेरीच्या परिसरातील कुटुंबांनी प्रथम बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करावी. पुण्यात ससून रुग्णालय आहे. गुंतागुंतीच्या ओसीडीसाठी बंगळुरूच्या 'निम्हान्स'मध्ये स्वतंत्र विभाग आहे. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा 14416 हा क्रमांक निःशुल्क आणि चोवीस तास उपलब्ध असतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने स्थान देणे बंधनकारक आहे. आपली पॉलिसी तपासून पाहावी.

पहिल्या भेटीला जाताना महिनाभरातील जेवण, धुण्यात जाणारा वेळ, घटलेले वजन आणि घराने देऊ केलेल्या सवलती एका वहीत लिहून न्याव्यात. दोन आजार वेगळे ओळखायला डॉक्टरांना त्या वहीचा मोठा उपयोग होतो. उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि मधे घसरणही होते. अशा वेळी वहीची जुनी पाने मुलीला दाखवावीत. सोळा तुकड्यांचे बारा झाले, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्यावे.