बंगळुरूचे नाव जपणारे खेडे : बेगूर

बंगळुरू : होसूर रस्ता आणि बन्नेरघट्टा रस्ता यांच्यामधील उंच इमारतींच्या दाटीत बेगूर आज वेगळे ओळखूही येत नाही. मात्र, बंगळुरू हे नाव किती जुने आहे, या प्रश्नाचे उत्तर शहरात नव्हे, तर या एकेकाळच्या खेड्यात सापडते. येथील नागेश्वर मंदिराच्या आवारातील एका वीरगळावर इ. स. ८९०च्या सुमाराचा जुन्या कन्नड भाषेतील लेख आहे. अवघ्या काही ओळींचा हा मजकूर नागत्तर नावाच्या सरदाराच्या पदरच्या माणसाचे 'बेंगळूरूच्या लढाईत' आलेले मरण नोंदवतो. या नावाचा हा सर्वात जुना ज्ञात लेखी उल्लेख मानला जातो.

या नोंदीचे महत्त्व कालगणनेत आहे. केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये बंगळुरूचा कोट बांधला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. बेगूरचा लेख त्याच्या सुमारे साडेसहाशे वर्षे आधीचा. शिकारीत वाट चुकलेल्या होयसळ राजा वीर बल्लाळाला एका वृद्धेने उकडलेल्या शेंगदाण्यांनी नव्हे, तर उकडलेल्या घेवड्याच्या दाण्यांनी तृप्त केले आणि त्यावरून 'बेंदकाळूरू' हे नाव पडले, ही कथा आजही आवडीने सांगितली जाते. शेंगदाणा त्या काळी भारतात आलेलाच नव्हता, हा भाग सोडला तरी बल्लाळाची कारकीर्द ११७३ पासूनची आहे. शिळेवरचे नाव त्याच्याही पावणेतीनशे वर्षे आधीचे असल्याने कथा गोड असली तरी इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

मराठी वाचकाला यातील काही शब्द परके वाटणार नाहीत. 'वीरगळ' हा कन्नड 'वीरगल्लु'चाच मराठी अवतार. 'कल्लु' म्हणजे दगड. 'ऊर' म्हणजे गाव. लढाईत, गुरांच्या रक्षणासाठी वा गावासाठी मरण पावलेल्याचा दगड उभारण्याची रीत महाराष्ट्रात गावोगावी दिसते, तीच येथेही होती.

बेगूरचाच दुसरा वीरगळ आज कस्तुरबा रस्त्यावरील शासकीय संग्रहालयात आहे. हत्ती, घोडे आणि पडलेले सैनिक यांनी भरलेली ही शिळा कर्नाटकातील उत्कृष्ट वीरगळांत गणली जाते. तीवरील लेखानुसार गंग राजा एरेयप्पाच्या बाजूने नागत्तर तुंबेपाडी येथे वीरमहेंद्राच्या सैन्याशी लढताना पडला. त्यानंतर राजाने इरुग याला 'नागत्तर' ही पदवी आणि 'बेंपूर-बारा' हा प्रदेश दिला. बेंपूर म्हणजे आजचे बेगूर. बारा गावांच्या एका समूहाचे ते मुख्य गाव होते. म्हणजेच नवव्या-दहाव्या शतकात मोठे ठिकाण बेगूर होते.

ते का, याचे उत्तर बऱ्याच अंशी भूगोलात आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या या पठारावर मोठी नदी नाही. पावसाचे पाणी अडवायचे तर उथळ दरीच्या तोंडाशी मातीचा बांध घालून तलाव, म्हणजे 'केरे', करावा लागतो. वरचा तलाव भरला की सांडव्यावाटे पाणी खालच्या तलावात उतरते. अशी साखळी उभी राहिली की नाचणी आणि भातशेतीला आधार मिळतो, वस्ती स्थिरावते आणि मग मंदिरे व कोट येतात. बेगूरमध्ये विस्तीर्ण तलाव, गंगकालीन गाभारे असलेले मंदिर आणि मातीच्या जुन्या कोटाचे अवशेष आजही एकमेकांपासून फार दूर नाहीत.

इ. स. १००४च्या सुमारास चोळांनी गंगांची सत्ता संपवली. पुढे सत्तेचे केंद्र केंपेगौडांच्या नव्या पेठेकडे सरकले. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने बंगळुरू घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तोवर बेगूर हे भोवतालच्या अनेक खेड्यांपैकी एक होऊन गेले होते. २००७ मध्ये बृहत् बंगळुरू महानगरपालिका स्थापन झाली आणि वाढत्या शहराने हे खेडेही आपल्या हद्दीत घेतले.

खेडे शहरात विरघळते तेव्हा पहिला धोका अशा दगडांना असतो. ते शेताच्या बांधावर, तलावाकाठी, देवळामागे उभे असतात; रस्ता रुंद करताना वा पाया खणताना कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. बेंजामिन लुईस राइस यांनी 'एपिग्राफिया कर्नाटिका'च्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडात बंगळुरू जिल्ह्यातील शेकडो लेख नोंदवले. त्यांतील अनेक शिळा आज जागेवर नाहीत. त्यांचे वाचन तेवढे कागदावर उरले आहे.

उलट घडल्याचेही उदाहरण आहे. २०१८ मध्ये हेब्बाळ येथे इ. स. ७५०च्या सुमाराचा, गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातील वीरगळ उजेडात आला. राष्ट्रकूटांच्या स्वारीला तोंड देताना पडलेल्या कित्तय्याचे हे स्मारक. स्थानिक नागरिकांनी पुढाकार घेतल्याने ते वाचले. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या मिथिक सोसायटीने आता शहर परिसरातील शिलालेखांचे त्रिमितीय स्कॅनिंग हाती घेतले असून, त्यामुळे झिजलेली अक्षरेही पडद्यावर वाचता येतात. बेगूरच्या शिळेवरील अक्षरे मात्र जाणकाराला अजून उघड्या डोळ्यांनी लागतात.