हौसेला मोल नाही, पण जागा लागते!

पोस्टाची तिकिटे, नाणी, काड्यापेट्यांचे छाप जमवणाऱ्यांचा छंद एखाद्या वहीत किंवा खोक्यात मावतो. दुर्मिळ व्हिडिओ गेम आणि ते खेळण्याची अवाढव्य यंत्रे जमवणाऱ्यांचे तसे नाही. दिल्लीतल्या मुनिरका गावाच्या अरुंद गल्ल्यांत पलंग, शेगडी आणि अभ्यासाचे टेबल एकाच भाड्याच्या खोलीत बसवावे लागते. तिथे हा छंद म्हणजे घरात आणखी एक माणूस आणण्यासारखेच!

'स्टील बटालियन'चेच पाहा ना. जपानच्या कॅपकॉम कंपनीने 2002 मध्ये एक्सबॉक्ससाठी हा खेळ काढला. सोबतच्या यंत्रावर सुमारे 40 बटणे, दोन दांडे, गिअर आणि पायाखाली तीन पॅडल. अमेरिकेतली किंमत 200 डॉलर. आपले लढाऊ यंत्र उद्ध्वस्त होत असताना सुटकेचे बटण वेळेत दाबले नाही, तर सैनिक मरतो आणि साठवलेला खेळही पुसला जातो. संग्राहकाची धास्ती मात्र वेगळीच. पॅडल हरवले की उरलेले यंत्र केवळ शोभेचे.

ताइतो कंपनीचा 1996 चा 'डेन्शा दे गो' मुंबईकरांना अधिक आवडेल. त्यात दांडा फिरवून लोकल गाडी हाकायची, तीही वेळेवर आणि फलाटावर नेमक्या जागी थांबवायची!

आपल्याकडे या जातीतली ओळखीची वस्तू म्हणजे प्लॅस्टिकची बंदूक. निन्टेन्डोचा 'डक हंट' 1984 चा. पुढे 1990 च्या दशकात जपानी यंत्राच्या स्वस्त नकला आल्या आणि त्यांच्याबरोबर आपली मुलेही बदके पाडू लागली. या बंदुकीतून काहीच सुटत नाही. उलट तीच प्रकाश टिपते. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. तो बंदुकीला दिसला की बदक पडले. ही वेळ जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीशी जुळवलेली. नव्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते, म्हणून नेम कितीही धरा, बदक उडूनच जाते.

तेव्हा माळ्यावर ती बंदूक असेल, तर जुना टीव्ही कबाडीवाल्याला देण्याची घाई करू नका. एक गेला की दुसरीही निकामी. आता ते धूड ठेवायचे कुठे, हे मात्र नवरा-बायकोने मिळून ठरवावे.